दोन सह्यांची वही

आपा, आज पहाटे मी पुन्हा तुमच्या अंगणात, भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. रोहिणी नक्षत्र लागलं, ते काही तुमच्यासाठी थांबलं नाही. व्हरांड्यातला तुमचा पिवळा दिवा चालूच होता. शाहीननं सवयीनं लावला असेल, किंवा त्या दिवसापासून कोणी बंदच केला नसेल. आपल्या दोन घरांमधल्या पांढऱ्या भिंतीवर पतंग बसले होते, रात्रभर दिव्याभोवती फिरून दमलेले, काही आडवे, काही तिरके. मी चष्मा पुसला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून नावं घ्यायला सुरुवात केली, मोठ्यानं, तुम्ही खुर्चीत बसल्या असल्यासारखी. "राखी शालवाली, एक. गवतकाडी, तीन." पाचव्या नावाला लक्षात आलं की खुर्चीतून 'हौ' म्हणणारं कोणी नाही.

काल संध्याकाळी शाहीन वही घेऊन आली होती. तुमच्या पांढऱ्या ओढणीत गुंडाळलेली. म्हणाली, "काका, अम्मी बोलून गेल्या होत्या, ही मोजणीसाहेबांकडंच द्यायची. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाय." पोरीचे डोळे सुजलेले होते. तुमच्यासारख्या सासूसाठी सून रडते याचं मला नवल वाटलं नाही. मी वही घेतली, टेबलावर ठेवली आणि उघडली नाही. खोटं कशाला बोलू, भीती वाटली. त्या वहीत एक पान आहे. कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या पानाबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला अकरा वर्षं सांगितली नाही, आणि आता सांगायला बसलो तर तुम्ही नाही.

आपली ओळखच मुळात भांडणानं झाली. अठरा वर्षांपूर्वी गारखेड्यात आमचं घर नुकतं बांधून झालेलं, मागं मोकळे प्लॉट आणि बाभळी. मी भूमी अभिलेखात मोजणीदार. दिवसभर लोकांच्या शेताच्या हद्दी मोजत उन्हात उभा राहायचो, आणि रात्री अंग टाकलं की तुमच्या दिव्याचा उजेड थेट माझ्या उशीवर. चौथ्या दिवशी सकाळी मी तणतणत आलो. तुम्ही त्याच वर्षी उर्दू शाळेतून निवृत्त झाला होता, जन्मभर विज्ञान शिकवून. नापास पोराच्या बापाचं ऐकून घ्यावं तसं माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "हौ, उजेडाचं बघू. आधी इकडं या. ही भिंत बघा."

मी बघितली. पन्नाशीला आलो होतो, जन्म शेतकऱ्याच्या घरातला, आणि पतंग म्हणजे दिव्याखाली सकाळी झाडून टाकायचा कचरा एवढंच मला ठाऊक. तुम्ही बोट न लावता एकेक पंख दाखवत गेलात. ही किनार. ही बुट्टी. हा बघा, भरलेला पदर. तुमचे अब्बा हिमरूचे विणकर. 'पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षीची मी', असं तुम्ही वय सांगायचात. त्या दिवसांत मागाला काम नव्हतं, तेव्हा अब्बा कंदिलावर आलेले पतंग बघून कागदावर बुट्ट्या काढत बसायचे म्हणे. त्यातली एखादी पुढं विणली गेली का, हे तुम्ही कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेही राहूनच गेलं.

घरी आलो तर आमची सुमन दारातच. "करणार का मग दिवा बंद?" मी म्हटलं, "विचारायचं राहिलं." त्या रात्री मी उशी पायथ्याला घेतली. ती आजवर तिथंच आहे.

वही माझी कल्पना. ते श्रेय मी सोडणार नाही. तुम्ही नुसतं बघायचात आणि खूश व्हायचात. मी म्हटलं, बघितलं ते कागदावर पाहिजे. उस्मानपुऱ्यातून जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणली, पट्टीनं रकाने आखले. तारीख, काय, किती, कुठं, आणि शेवटी दोन सह्या. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "दोन कायकू?" मी म्हटलं, "पंचनाम्याला दोन पंच लागतात, आपा. एकट्याचं कोण धरतं?" तुम्ही म्हणालात, "अच्छा. म्हणजे पतंग कोर्टात गेला तर आपण तयार." पण मान्य केलंत. दोघांनी बघायचं, दोघांनी सही करायची. बघितलं तरच लिहायचं. रोहिणी लागली की वही उघडायची, मृग लागला की बंद करायची. उन्हाळा सरत आला की हवा जरा ओलसर होते आणि पतंग वाढतात. तुम्ही म्हणायचात, उन्हाळा जाता जाता खिसे झटकतो.

आणि आधी पतंग, मग पक्षी. हा नियम दयाळानं घालून दिला. तो काळा-पांढरा चोर फटफटलं की भिंतीवर यायचा आणि आपण मोजायच्या आत माझ्या रकान्यातले दोन-तीन गिळून टाकायचा. मी टॉवेल उडवायचो. तुम्ही माझा हात धरायचात. "नक्को. उसका नाश्ता है." मी म्हणायचो, "नोंद झाली नाय अजून." तुम्ही शांतपणे लिहायचात: 'तहसीलदार, एक. दयाळानं खाल्ला.' आणि त्याच ओळीत पक्ष्यांच्या बाजूला: 'दयाळ, एक.' माझी सही मागताना तुमच्या ओठांच्या कोपऱ्यात जे काही असायचं, ते मला आत्ता दिसतंय.

तहसीलदार हे नाव तुमचंच. पतंगांची नावं तुम्हाला येत नव्हती, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत, वीस-तीस वर्षं विज्ञान शिकवूनही. मग आपणच ठेवली. भिंतीच्या बरोब्बर मध्यावर बसून काडीनं ढकललं तरी न हलणारा तो तपकिरी, तहसीलदार. दिव्याच्या काचेवर डोकं आपटत राहणारा, जावई. कण्हेरीवर वाढणारा तो मोठा हिरवा, संगमरवरासारखी नक्षी असलेला, त्याला मात्र तुम्ही नाव ठेवू दिलं नाही. "इसकू नाम नक्को. हा आला की समजतं." वहीत तो नुसता 'तो' आहे. अठरा वर्षांत 'तो' सात वेळा आला. सातही ठिकाणी दोन सह्या आहेत.

आता त्या पानाकडं येतो. इतका वेळ टाळलं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

तुमच्या मनात नवरंग होता. लहानपणी अब्बांबरोबर मकबऱ्यामागच्या झाडीत तुम्ही एकदा पाहिलेला, मुठीएवढा पक्षी, आखूड शेपटीचा. उन्हाळा संपताना तो इकडून पुढं जातो, दोन-चार दिवस एखाद्या बागेत टेकतो आणि जातो. त्याची शिटी दोन सुरांची, पहाटे आणि तिन्हीसांजेला. तुम्ही ती तोंडानं वाजवून दाखवायचात, आणि दर वर्षी वही उघडताना विचारायचात, "औंदा येईल का हो?" मी म्हणायचो, "येईल की. रस्ता चुकला तर येईल." सात वर्षं तो आला नाही.

आठव्या वर्षी, रोहिणीच्या पहिल्याच आठवड्यात, मी पहाटे आलो तर तुम्ही पायरीवर बसलेल्या. वही मांडीवर, नोंद लिहून झालेली. 'नवरंग, एक. करवंदीच्या जाळीत.' पुढं तुमची सही, ती उर्दू वळणाची, शेपूट लांब ओढलेली. तुमचा चेहरा सातवीतल्या मुलीसारखा झाला होता.

"आला," म्हणालात.

"पाहिला?"

"ऐकला. दोनदा. तीच शिटी."

"पाहिला का, आपा?"

"अंधार होता. ऐकला म्हणते ना मी."

"मग नाय धरता येत. ठरलंय आपलं."

तुम्ही वही मांडीवर सरळ केलीत. मग म्हणालात, "तुमच्या आईनं अंधारात हाक मारली, तर आधी बॅटरी मारून तोंड बघता का?"

मी म्हटलं, "आईची नोंद करत नाय मी."

आज हे लिहिताना कान गरम होतात. तेव्हा मला ते फार चोख उत्तर वाटलं होतं. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण माझ्या खिशाला लाल पेन. नकाशावरची चुकलेली हद्द खोडायची सवय. मी तुमच्या मांडीवरची वही घेतली आणि त्या ओळीवर, तुमच्या सहीवरूनसुद्धा, सरळ लाल रेघ मारली. पट्टी न लावता. वही काढून घेतलीत, आत गेलात, आणि दुसऱ्या दिवशी तुमची खुर्ची भिंतीकडं पाठ करून ठेवलेली होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी. मी न्हाणीमागं पाणी सोडायला गेलो होतो. अजून ऊन पडलं नव्हतं, सगळं राखाडी होतं, झाडांना अजून रंग आले नव्हते. सीताफळाखाली वाळक्या पानांचा थर, आणि त्यात खसखस. मला वाटलं सरडा असेल. मग एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि तो पुढं आला. पाठ हिरवी, पंखावर निळा तुकडा, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लाल. आखूड शेपटी हळूच खालीवर करत होता. माझ्यापासून चार हात. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मला काही किंमत न देता पुन्हा पानं उलटायला लागला. नळीतून पाणी माझ्या पायावर वाहत होतं. किती वेळ, सांगता येत नाही. त्या राखाडी उजेडात तेवढाच रंग होता, आणि मी श्वास घ्यायलासुद्धा भीत होतो.

मग तो उडाला, तुमच्या करवंदीत. आणि तिथून शिटी आली. दोन सूर. तुम्ही वाजवायचात तशीच, आपा. जशीच्या तशी.

मी भिंतीकडं निघालो. तीन पावलं चाललो. तुम्ही पलीकडं पक्ष्यांच्या कुंडीत पाणी ओतत होता, पाठमोऱ्या. 'आपा' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मग लाल रेघेचं काय करायचं? चुकलो म्हणावं लागलं असतं. माझी मोजणी आजवर चुकली नाही, असं मी हापिसात छाती ठोकून सांगत असे. मी तिथूनच मागं फिरलो, नळ बंद केला आणि घरात जाऊन चहा मागितला. सुमन म्हणाली, "पायजमा भिजला की तुमचा." मी तिलाही सांगितलं नाही. बघितलं ते कागदावर पाहिजे म्हणणारा मी, आणि उभ्या जन्मात बघितलेली सगळ्यात सुंदर गोष्ट मी कागदावर येऊ दिली नाही.

तुम्ही ऐकला होता तो तिथंच होता. तो आला होता. हे तुम्हाला सांगायचं होतं.

आषाढात तुम्हीच बोलायला लागलात. भिंतीवरून एक स्टीलचा डबा आला, झाकणाला भोकं पाडलेली. आत 'तो', जिवंत, हिरवागार. "एकटीनं बघितला. सही पाहिजे." वही मृगालाच बंद झाली होती, नियमात बसत नव्हतं, तरी मी मुकाट्यानं सही केली. आपण डबा कण्हेरीपाशी नेऊन उघडला. नवरंगाचं नाव तुम्ही काढलं नाही, मीही नाही. फक्त पुढच्या वर्षापासून 'औंदा येईल का' हे तुम्ही विचारायचं सोडून दिलंत. एवढंच. तुम्ही भांडला असता तर बरं झालं असतं.

मग मी निवृत्त झालो, मागच्या बाभळी गेल्या, तिथं इमारत उभी राहिली. तुमचा पिवळा दिवा उडाला तेव्हा तसलाच दुसरा शोधत मी क्रांती चौकातली सगळी दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "काका, आता हे कोण वापरतं? पांढरा घ्या, बिल कमी येतं." मी म्हटलं, "बिल पतंग भरतात." त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की काही विचारू नका. शेवटी जुन्या मालातले सहा मिळाले. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. त्यातले दोन अजून माझ्या कपाटात आहेत.

आणि मग साखरेनं तुमचे डोळे नेले. आधी एक, मग दुसरा. गेली दोन वर्षं तुम्ही भिंतीसमोर खुर्ची घेऊन बसायचात, डोळे मिटून, आणि मी वाचायचो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. किनार कशी, बुट्टी कशी. तुम्ही मधेच विचारायचात, "पदर भरलेला आहे का?" मी नीट बघून सांगायचो. मग तुमचं बोट धरून सहीच्या रकान्यावर टेकवायचो, आणि तुम्ही सही करायचात. रेघेच्या बाहेर जायची, दुसऱ्या ओळीत उतरायची, पण करायचात. एकदा मी म्हटलं, "आपा, मी काहीही सांगितलं तर?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही सांगितलं ना. बस झालं."

दोन उन्हाळे, आपा. पानंच्या पानं. तुम्ही एकही पतंग पाहिला नाही, आणि नुसतं माझ्या तोंडचं ऐकून शेकडो सह्या केल्या. आणि मी तुमच्या एका ऐकलेल्या पक्ष्याला सही दिली नव्हती. हे मला तेव्हाच दिसत होतं. रोज पहाटे दिसत होतं. तुमचं बोट माझ्या हातात असायचं आणि मी पुढची ओळ वाचायला घ्यायचो.

वही मिटताना तुमचा एक ठरलेला प्रश्न असायचा. "काही राहिलं का?" मी वरून खालपर्यंत नजर फिरवायचो आणि म्हणायचो, "नाय, काही राहिलं नाय." त्यावर तुम्ही दिवा बंद करायचात. अठरा वर्षं हे असंच.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मी खाटेपाशी बसलो होतो. खिडकी उघडी होती. शाहीन चमच्यानं पाणी पाजत होती. तुम्ही विचारलंत, "रोहिणी कधी?" मी म्हटलं, "आठ दिवस आहेत. उठा आता, वही उघडायचीय." तुम्ही हसल्यासारखं केलंत. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू, "काही राहिलं का?" मला वाटलं झोपेत बोलताय. मला वाटलं आत्ता नको, दमल्या आहेत, रोहिणी लागली की निवांत सांगू. काय काय वाटलं. मी म्हटलं, "नाय, आपा. काही राहिलं नाय." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला माहीत होतं का? त्या दिवशी पाठमोऱ्या असताना तुम्ही ती शिटी ऐकली असणारच, आणि माझी तीन पावलंही. तुमचे कान तसले होते. पण मला आता कोण सांगणार?

कब्रस्तानात मी तीन मुठी माती टाकली. तुमच्या मुलानं माझा हात धरला होता. मला तुमची फार आठवण येते, आपा. पहाटे जाग येते आणि उठायचं कशासाठी ते दोन क्षण आठवत नाही. मग आठवतं.

तर आज. नावं घेऊन झाली आणि मी सोबत आणलेली वही उघडली. ते पान जरा फुगीर आहे, तुम्ही तिथं करवंदीचं एक पान ठेवलं होतं, मला ठाऊक नव्हतं. लाल रेघ फिकी पडली आहे, तुमची शाई पडलेली नाही. मी रेघ खोडली नाही. कागदावर झालेली चूक पुसायची नसते, तशीच ठेवून बाजूला खरं काय ते लिहायचं असतं, हे मी चौतीस वर्षं इतरांना शिकवलं. म्हणून समासात लिहिलं: 'वरील पक्षी खाली सही करणाऱ्यानं तिसऱ्या दिवशी स्वतःच्या सीताफळाखाली, चार हातांवरून पाहिला, आणि सांगितला नाही. नोंद बरोबर आहे.' तुमची सही तिथं अकरा वर्षांपासून होतीच. शेजारचा रकाना रिकामा होता. मी तिथं सही केली. तुमच्यासारखीच ती रेघेबाहेर गेली.

तोवर फटफटलं होतं. दयाळ येऊन भिंतीवर बसला, एकदा शेपूट उडवली आणि तहसीलदाराला उचललं. मी टॉवेल उडवला नाही. वही मिटली आणि दिव्याच्या बटणाशी गेलो, पण बोट तिथंच थांबलं. विचारणारं कोणी नव्हतं. मग मीच सांगितलं, मोठ्यानं, आत शाहीन ऐकत असेल तर असो.

"राहिलं होतं, आपा. आता झालं."

आणि दिवा बंद केला.